जॉन्डिस झालेली मुलगी

८ सप्टेंबर

मराठीत लिहितेय. प्लस-वनच्या, म्हणजे अकरावीच्या, अख्ख्या तमिळ वर्गात ही अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत — बरंच आहे! शाळेत अवयवदानावर भाषणाची स्पर्धा आहे. सगळ्यात आधी मी नाव दिलं. ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? आईची किडनी माझ्या पोटात आहे! सुरुवातसुद्धा ठरवली. आता अप्पांना म्हणून दाखवते.

९ सप्टेंबर

नाव काढून घेतलं. आईने सरळ मिसला फोन केला — अशक्तपणा आहे, उभं राहवत नाही तिला.

मला म्हणाली, नित्याक्काचं जमत आलंय. तिचं लग्न होऊ दे, मग बोल काय बोलायचं ते. अप्पा पेपर वाचत होते. वाचतच राहिले.

सगळ्यांना सांगितलंय की मला जॉन्डिस झाला होता. आणि आईचं हर्नियाचं ऑपरेशन. काय फॅमिली आहे!

१२ सप्टेंबर

कीर्तनाने डबा उचलून पलीकडे नेला. हळूच, मला कळू नये असा. जॉन्डिस लागतो म्हणून तिच्या अम्माने सांगितलंय. पाचवीपासून आम्ही एका डब्यात जेवतो. खरं सांगितलं असतं तर तिने डबा हलवला नसता.

स्टेरॉइडने तोंड सुजलंय. पोरं ‘बन’ म्हणतात. दुपारची गोळी बाथरूममध्ये घेते, चोरासारखी.

१९ सप्टेंबर

स्पर्धा कीर्तनाने जिंकली. महान दान वगैरे. टाळ्या मीपण वाजवल्या.

२६ सप्टेंबर

तिरुवैयारूहून चंद्रमतीमामी नवरात्रात मांडलेला आमचा बाहुल्यांचा गोलू बघायला आल्या. अक्काची होणारी सासू. बाहुल्या बघितल्या, अक्काकडून गाणं म्हणवून घेतलं, हळदकुंकू झालं. मग पिशवीतून बाटली काढली. कीळानेल्लीचा पाला वाटून ताकात कालवलेला. इकडे जॉन्डिस म्हटलं की सगळे हेच देतात. पेल्यात ओतून लाडाने म्हणाल्या, माझ्यासमोर पी, कण्णा, सकाळी स्वतः वाटलाय.

मला असली पाल्याची औषधं चालत नाहीत. किडनी जाऊ शकते. आईला हे तोंडपाठ आहे. मी तिच्याकडे बघितलं.

आई म्हणाली, “एक घोट घे गे. मामींनी एवढं आणलंय.”

एक घोट! स्वतःची किडनी काढून दिली, आणि आता मामींना वाईट वाटू नये म्हणून —

मी पेला खाली ठेवला. “मामी, मला जॉन्डिस नव्हताच. माझी किडनी बदललीय. ही आईची आहे.”

मामी प्रसादाची हरभऱ्याची सुंडल न खाता उठल्या. विडा-सुपारी मात्र घेतली, ती नाकारत नाहीत ना. अक्का आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

२७ सप्टेंबर

अक्का बोलत नाही. आई म्हणते मी मुद्दाम केलं. हो, केलं.

३० सप्टेंबर

मामींचा फोन. मोडलं असं म्हणाल्या नाहीत. धाकटीला झालं ते मोठीला नाही ना, एवढं तपासून घ्या, मग बोलू.

अप्पा आईवर ओरडले. अप्पा! डॉक्टरांनी हे गेल्या वर्षीच सांगितलं होतं म्हणे, बहिणीलाही असू शकतं, तपासा. आईने लग्नानंतर बघू म्हणून ठेवून दिलं. गावातल्या लॅबमध्ये गेलं तर बातमी फुटेल ना! आई म्हणाली, तेव्हा तुम्हीपण समोरच बसला होता. मग अप्पांनी पेपर उचलला.

आणि अक्काला ह्या तपासणीचं काहीच माहीत नव्हतं.

४ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. अक्कालाही तेच.

ती येऊन माझ्या कॉटवर बसली. म्हणाली, “सांग. पहिल्यापासून सांग.”