हॉलमधला कॅमेरा

अहो,

मी नेपानगरला ट्रेनिंगला निघाले, संध्याकाळच्या बसने येईन. आईंचा वरण-भात कुकरमध्ये आहे.

परवापासून बंद पडलेला कॅमेरा काही रिसेट होत नाही. मागच्या भोकात पिन दाबून धरली, राउटर बंद करून चालू केला, तरी लाल दिवा तसाच. तुम्ही आणखी खटपट करू नका. तो मोहितभाऊजींच्या मोबाइलला जोडलेला आहे, त्यांनी तिथून काढल्याशिवाय काही होणार नाही.

खरं सांगू, मला दोन दिवस बरं वाटलं. 'वहिनी, आईला औषध उशिरा दिलं का?' असा पुण्याहून फोन नाही. पण आईंचं वेगळंच. रोज जेवण झालं की त्या कॅमेऱ्यासमोर बसून मोहितशी बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे का? काल दिवा लाल बघून मला विचारलं, "मोहित रुसला का गं?" आणि ताट तसंच सरकवलं.

म्हणून रात्री मीच भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "तिथल्या बुधवारा बाजारातला कॅमेऱ्याचा मिस्त्री पाठवतो." मी म्हटलं, "मिस्त्री नको भाऊजी, तुम्हीच या. आणि तोवर आईंना रोज फोन करा." मग म्हणाले, "रविवारी येतो."

आईंना एवढ्यात सांगू नका. नाही आले, तर त्या दिवसभर दारात बसून राहतील.

उषा