दार्जिलिंगची पत्ती

मंगळवार, संध्याकाळ

आज आबांवर ओरडले. तेही मॅडमसमोर.

मी दापोड्याच्या ज्या गोडाऊनमध्ये काम करते, तिथल्या माझ्या मॅडम पहिल्यांदाच घरी आल्या होत्या. त्यांनीच दिलेली दार्जिलिंगची पत्ती मी अशाच दिवसासाठी जपून ठेवली होती. ती नुसती गरम पाण्यात भिजवायची, दूध नाही, साखर नाही. मी फरसाण आणायला खाली गेले आणि वर येऊन बघते तर आबांनी ती पत्ती आलं, दूध, साखर घालून खळखळून उकळलेली. हातात गाळणं, चेहरा खूश. म्हणाले, "तुझ्या मॅडमला माझ्या हातचा चहा पाजतो."

"कळत नाही तर हात कशाला लावता?" मी म्हटलं. मोठ्याने.

ज्या बापाने शेलार गावात टपरी टाकून यंत्रमागावरच्या कामगारांना तीस वर्षं चहा पाजला, त्याच कमाईवर मला शिकवलं, त्याला मी हे बोलले! मॅडम तर तो चहा आवडीने प्यायल्या, वर आणखी मागितला. मग मी कुणासाठी ओरडले? आबा गाळणं तसंच हातात धरून उभे राहिले. ते गाळणं डोळ्यांसमोरून हलत नाही.

मॅडम गेल्यावर माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. आबाच आधी बोलले, "पोरी, ती पत्ती पाण्यात किती येळ ठेवायची? सांग, परत चुकणार न्हाय."

माफी अगदी ओठांवर आली होती. मी म्हटलं, "तीन मिनिटं."