बढती

दादा,

मला बढती मिळाली हे आईकडून तुला कळलंच असेल. लॉन्ड्रीत इस्त्रीवर होते, आता मुकादम झाले. पगार जरासा वाढला आणि आम्ही सवलतीच्या मर्यादेबाहेर गेलो. तुझ्या मेहुण्यांना दम्याचा पंप आता फुकट मिळत नाही. ती मर्यादा तुझ्याच खात्याने ठरवली. "लोकांना फुकटाची सवय लागते," असं तू परवा जेवताना म्हणालास, आणि त्याच घासाला तुझ्या आरोग्य विम्यामुळे करात किती सूट मिळते तेही सांगितलंस. मी तुझ्या पानात आणखी भात वाढला.

हे आता पंप पुरवून पुरवून वापरतात. विचारलं की म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" जिना चढताना मध्येच थांबतात आणि बुटाची लेस सुटली म्हणून खाली वाकतात. तुमच्याकडे लिफ्ट आहे, तुला नाही कळायचं. मी मालकांना म्हटलं, मला परत इस्त्रीवर घ्या. ते पोट धरून हसले.

हे पत्र टाकलं तर तू एक फोन फिरवशील आणि आमच्यापुरतं काम होऊन जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण खालच्या मजल्यावरच्या रंगाऱ्यालाही हाच पंप लागतो, आणि त्याचीही सवलत गेलीय. त्याने कुणाला दादा म्हणायचं? म्हणून हे कपाटातच राहील.

तुझी,
धाकटी

ता. क. काल हे पुन्हा लेस बांधायला वाकले. पायात चपला होत्या.