कमळला दिलेले गुण

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

पहिल्याच दिवशी तीन मिनिटं उशीर. लिहून ठेवलं.

माझा भाऊ धम्मपाल बंगळूरहून फोनवर म्हणाला, "ताई, तुझं रोजचं कामच आहे हे. संस्था बरी आहे की नाही, तूच तपास." खरंय. अकरा वर्षं मी हिंजवडीतल्या कंपनीसाठी दुसऱ्यांचे कॉल ऐकून गुण देतेय — आवाज नम्र होता का, नाव विचारलं का, शेवटी आभार मानले का. हल्ली घरूनच करते, आईच्या शेजारच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर आता इलाज नाही, फक्त दुखणं आवरायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर धम्मपालनेच ही संस्था शोधली. शेवटच्या दिवसांतल्या माणसाला घरी येऊन सांभाळतात. नऊ ते पाच एक बाई, आठवड्याला एकदा डॉक्टर, आणि कधीही लावता येईल असा एक फोन नंबर. दर शनिवारी घरच्यांनी फॉर्म भरायचा. पाच प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. पाच प्रश्नांत काय कळणार? मी वेगळी वही केली. बावीस मुद्दे!

बाईचं नाव कमळ. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी आहे. कामासाठी इथे जवळच जांबे गावात खोली घेऊन राहते. चाळिशीच्या अलीकडची. पायात साध्या चपला, बोलणं एकदम वाडीचं.

आईने तिला दारातच विचारलं, "तू कुणाची गं?"

"आता तुमचीच की, मावशी."

आई हसली. किती दिवसांनी! हसवण्याचा रकाना माझ्या वहीत नाही.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

काम चांगलं आहे, नाही म्हणता येणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलते. टाचांखाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवते. तोंड आतून कापसाने पुसते. हात आधी धुते, नंतरही धुते — मी मोजून बघितलं. बावीसपैकी एकोणीस.

आंघोळ मी घालते म्हटलं तर आई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. कमळ करंल."

मी मुलगी आहे की शेजारीण?


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुखणं किती ते दहापैकी आकड्यात विचारायचं, तसा कागद संस्थेनेच दिलाय. मी विचारलं की आई नेहमी "दोन" म्हणते. बारा वेळा विचारा, बारा वेळा दोन.

कमळ आकडा विचारतच नाही! आज दाराआडून ऐकलं —

"मावशी, आज मांजर हाय का म्हस?"

आई म्हणाली, "सकाळी मांजर व्हतं. आता कुत्रं झालंय."

"चावतंय का नुस्तं गुरगुरतंय?"

"चावतंय की गं."

मग कमळने गोळी दिली आणि कागदावर 'सहा' लिहिलं. हे कसलं मोजमाप! वहीत लिहिलं — ठरलेली पद्धत पाळत नाही. दोन गुण कमी.

मला मात्र दोनच. मला मांजरसुद्धा सांगत नाही.


सोमवार, १७ नोव्हेंबर

मी केलेलं मुगाचं कढण तसंच. कमळने भाकरी दुधात कुस्करली तर चतकोर खाल्ली.


बुधवार, १९ नोव्हेंबर

आज दिवसभर कॉल ऐकत होते, पण कान भिंतीपलीकडे. त्या दोघींचं संपतच नाही. 'हितं', 'तितं', 'न्हाई', 'व्हय'. आई अगदी मोकळी, पूर्वी शेतावरच्या बायकांशी बोलायची तशी.

माझ्याशी बोलताना आई शब्द जपून वापरते. 'नाही' म्हणते. 'आहे' म्हणते. कारण मीच तिला शिकवलं होतं! नववीत असताना माझी मैत्रीण घरी आली होती. ती गेल्यावर मी आईला म्हटलं — आई, न्हाई काय, नाही म्हण. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. अंगणवाडीत पोरांचा आहार शिजवून दमून आलेली बाई. तेव्हापासून ती माझ्यासमोर जपून बोलते. एकोणतीस वर्षं.

आणि ही डोंगरातून येते आणि माझ्या आईचं खरं बोलणं घेऊन बसते!

मत्सर म्हणतात तो हाच. लिहायलाही लाज वाटते. पण वाटतो तर आहेच.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी पाणी प्यायला उठले. आईच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आई सांगत होती —

"रुपीच्या आदी एक लेक व्हती मला. सुजाता. आठ म्हयन्याची झाली अन् गेली."

कमळ आईच्या पायाला तेल लावत राहिली. आई सांगत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात ग्लास धरून उभी.

मला बहीण होती! तिला नाव होतं! त्रेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. धम्मपालला माहीत असेल का? मी एवढी वर्षं आईजवळ राहिले. लग्न मोडलं तेव्हा हिच्याकडेच परत आले. हिच्या गोळ्या, हिचे रिपोर्ट, हिची प्रत्येक तपासणी. आणि सुजाता कुणाला सांगितली? चौदा दिवसांच्या ओळखीच्या बाईला!

पाच वाजता कमळ जाताना म्हणाली, "येते ताई." तिचे डोळे लाल होते. मी दार लावून घेतलं. माझ्या बहिणीसाठी हिने रडायचं?


शनिवार, २२ नोव्हेंबर

फॉर्म भरला.

वेळ — पाच. स्वच्छता — पाच. औषधं — चार. रुग्णाशी वागणूक — एक. घरच्यांशी वागणूक — एक. खाली शेरा: 'रुग्णाशी गरजेपेक्षा जास्त जवळीक करतात. खासगी गोष्टी काढून घेतात. दुखणं मोजण्याची पद्धत पाळत नाहीत. बदली कर्मचारी मिळावी.'

असा शेरा ऑफिसात एखाद्या मुलीच्या कॉलवर मारला असता तर तिची नोकरी गेली असती, हे मला माहीत आहे. पाठवला.


सोमवार, २४ नोव्हेंबर

कमळ आली नाही. नऊला पाच कमी असताना पायल नावाची नवी मुलगी आली. संस्थेच्या वैष्णवी मॅडमचा फोन — "काही कारणाने बदल केलाय, चालेल ना?" चालेल म्हटलं. एवढ्या पटकन! माझ्या शब्दाला वजन आहे तर.

पायलचा गणवेश पांढराशुभ्र, हातात मोजे, बोलणं शुद्ध. बावीसपैकी बावीस.

आईने विचारलं, "कमळ?"

मी म्हटलं, "तिला दुसरीकडे काम लागलं."

आई भिंतीकडे वळली.


बुधवार, २६ नोव्हेंबर

आई बोलत नाही. पायलशी नाही, माझ्याशीही नाही. मला वाटलं होतं, ती गेली की जागा रिकामी होईल आणि मी तिथे बसेन. जागा रिकामी झाली. आई मला तिथे बसवत नाही.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आजचा दिवस विसरणार नाही.

सकाळपासून आईने पाणीसुद्धा नको म्हटलं. पायलने नियमाने विचारलं — "आजी, दहापैकी किती?" आई — "दोन." पायलने दोन लिहिलं. तिची काय चूक? दुपारी परत दोन. पण आईच्या कपाळावर घाम. डोळे छताला लागलेले. मी विचारलं, आई, खरं सांग. म्हणाली, "बरी आहे मी." माझ्यासाठी शुद्ध बोलली! एवढ्या वेदनेतही!

मग मी कमळला फोन लावला. नंबर वहीत होता, पहिल्या पानावर. कुठल्या तोंडाने लावला, मलाच माहीत नाही.

ती म्हणाली, "ताई, आकडा नका इचारू. पांघरूण काढा. पायाची बोटं बघा. आखडल्यात का?"

बघितली. आखडली होती, मुठीसारखी.

"चादर धरल्याय का हातात?"

धरली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत.

"मग लई दुखतंय त्यांना. मला डोस वाढवता येत न्हाई, डाक्टरांचा नंबर लावा लगी. अन् ताई — त्यांच्याशी आपल्यासारखं बोला."

मी आईच्या कानाशी वाकले. एकोणतीस वर्षांनी तोंडातून नीट येईना. म्हटलं, "आये, काय हाय गं? मांजर का म्हस?"

आईने डोळे वळवून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. "म्हस. पोटावर बसलीया, रुपे. उठतच न्हाई." आणि रडायला लागली. मीही.

नंबर लावला; डॉक्टरांनी पाचव्या मिनिटाला उलट फोन केला. डोस वाढवला, गिळवत नाही म्हणून गोळीऐवजी संस्थेच्या पेटीतलं पातळ औषध द्यायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी पायाची बोटं सुटली. पायल सगळा वेळ आईचा हात धरून बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, हे कुणी मला शिकवलंच नाही." मी म्हटलं, मलाही नाही.

चार दिवस! चार दिवस आईने हे सोसलं. ते माझ्या एका शेऱ्यामुळे.


मंगळवार, २ डिसेंबर

पायलला आईजवळ बसवून स्कूटीवरून कासारसाईला गेले. कमळ आता तिथल्या एका घरी जाते, हे पायलकडून कळलं. माफी मागायची, परत ये म्हणायचं, असं ठरवून गेले होते.

कमळ ओट्यावर उन्हात एका म्हातारीचे केस विंचरत होती. म्हातारी डोळे मिटून, अगदी निवांत. आणि मला काय वाटावं? त्या म्हातारीचा हेवा! आईच्या वाटणीचं ऊन तिने घेतलंय असं वाटलं. मी अशीच आहे का मुळात?

कमळ फाटकापाशी आली. "मावशी कशा हायेत?"

मी कबूल करायला तोंड उघडलं आणि निघालं काय? — "परवा फोनवर मदत केलीत, आभारी आहे." कॉलच्या शेवटचं वाक्य!

परत येशील का, एवढं तरी विचारलं. तिने मान हलवली. खाली मातीकडे बघत म्हणाली, "नगं ताई. ह्यांना आता माजी सवय झालीया. अन् तुमी हाय की. तुमाला आता समदं कळतं."

रागावली असणार. असू दे. हक्कच आहे तिचा.


शुक्रवार, ५ डिसेंबर

आज आंघोळ मी घातली. म्हणजे ओल्या कापडाने पुसलं. आई नको म्हणाली नाही. पाठ कोवळ्या पोरीएवढी झालीय.

पुसता पुसता विचारलं, "आये, सुजाता कशी व्हती?"

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कमळनं सांगितलं?"

"न्हाई. मी ऐकलं दाराआडून."

"गोरी व्हती. केस लई." मग थांबून, "आमी भात लावाय गेलतो. पोरीला ताप. शेजारणीपाशी ठिवलं. सांजच्याला आलो तर —"

माझ्या तोंडाशी प्रश्न आला. ताप होता तर नेलं का नाही डॉक्टरकडे? सोडून गेलात कशी? आला तसा गिळला. ओठ दाबून बसले.

आईला ते कळलं. "म्हणून न्हाई सांगितलं तुला. तू लहानपनापासनं आदी चूक कुनाची ते काडतीस. तुजं बरूबर असतं गं. पन मला ते ऐकवलं नसतं."

मी पायाला तेल लावत राहिले. आई सांगत राहिली. सुजाताला काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या. तिला दोन दात आले होते. तिला धरणाच्या पाण्यावरची बगळ्यांची रांग दिसली की ती हात हलवायची. सगळं सांगितलं. मला!

वहीतली बावीस मुद्द्यांची पानं फाडून टाकली.


मंगळवार, ९ डिसेंबर

आई आता जास्त वेळ झोपूनच असते. जागी झाली की "रुपे" म्हणते, बस्स. मांजरच आहे, कुत्रं नाही.


रविवार, १४ डिसेंबर

आई गेली. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. धम्मपाल काल पोचला होता. बोटं सैल होती, चादर सैल होती. मी हात धरला होता.


शुक्रवार, १९ डिसेंबर

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना मी अर्ध्यावर सोडली, धम्मपालने पुढे नेली. पायल आली होती, मागच्या रांगेत बसून रडली. कमळ आली नाही. मी दाराकडे बघत होते.


सोमवार, १२ जानेवारी २०२६

वैष्णवी मॅडमचा फोन. संस्थेबद्दल शेवटचं मत हवं होतं. म्हटलं, आधी माझं ऐका — कमळबद्दलचा तो फॉर्म खोटा होता, जळून भरला होता, तो काढून टाका, तिची बदली माझ्यामुळे झाली.

त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "रुपालीताई, तुमचा फॉर्म शनिवारी आला. कमळताईंनी स्वतःच शुक्रवारी संध्याकाळी येऊन बदली मागितली होती. त्यांची आई दिवाळीच्या आधी वाडीवर एकटी असताना वारली. त्या वेळी ह्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला भरवत होत्या. मला म्हणाल्या — त्या घरात लेक दिसभर भिंतीपल्याड आईसाटी बसून असती. मला तिचा लई हेवा वाटतुया. मला तितं नका धाडू."