कोपीतला मॅनेजर

प्रिय सिद्धोधन,

जय भीम. पत्र बघून आधी पोटभर हसून घे. आपल्या दोघांत पत्र लिहिणारा तू. बारावीला माझ्या नावानं निकिताला तूच लिहून दिलं होतंस, आणि तिनं अक्षर ओळखून भर चौकात तुलाच झापलं होतं. हे मात्र माझ्या हातचं आहे, म्हणून लागत नसलं तर उजेडात धरून वाच. फोन लावून लावून दमला असशील. फोन बिघडलेला नाही, मीच बंद करून ठेवलाय. कशामुळं ते सांगतो, पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही. तुला माहितीय, लहानपणी मला साखर आणायला पाठवलं की मी दिवस मावळताना यायचो, आणि साखर विसरून यायचो.

मी सध्या पाथरीच्या अलीकडं आई-बापूच्या बांबू-पाचटाच्या कोपीत आहे. टोळी फडात ऊस तोडायला गेलीय, कोप्यांवर मी आणि शेळ्या. आणि वर बघितलं की परत मीच. खरंच सांगतो. माझ्या नोकरीचा जो फ्लेक्स तू सोनपेठच्या दुकानात बसून बनवलास, तो दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा बापूनं आपल्या फाट्यावरून सोडून आणला आणि कोपीच्या बांबूवर छप्पर म्हणून टाकला. कोरी बाजू वर, छापलेली आत. मी विचारलं, उलटा का टाकला? आई म्हणाली, "उन्हानं तोंड उतरंल की रं तुजं." त्यामुळं उताणं पडलं की माझंच तोंड गॉगल लावून माझ्याकडं बघून हसतं. मुंडकं माझं, कोट तू कुणाच्या अंगावरचा आणलास देव जाणे. खाली केवढ्या अक्षरांत 'मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. तेव्हाच तुला म्हटलं होतं, ट्रेनी लिही. तू म्हणालास, "ट्रेनी लिवलं तर फ्लेक्स मोकळा दिसतो राव." मी हसलो आणि राहू दिलं. तुला बोल लावत नाही. वाचून मलाच बरं वाटलं होतं. वाटलं, आज ना उद्या होईनच की.

परभणीचं ते ट्रॅक्टरचं शोरूम म्हणजे काचेचं दार, आत थंडगार, आणि फरशी एवढी गुळगुळीत की पहिल्या दिवशी मी बूट बाहेर काढून आत गेलो. किशनराव शेठ म्हणाले, "देवळात आलास का रे?" सगळे हसले. काम काही अवघड नव्हतं. गिऱ्हाईक आलं की उठायचं, पाणी द्यायचं, ट्रॅक्टर दाखवायचा. आणि गिऱ्हाईक नसलं तरी तिथंच बसायचं. हे शेवटचं मला जमेना. कॉलेजात आपण परीक्षेपुरते जायचो, तेही तू उठवायला आलास तर. दिवसभर एका खुर्चीत बसणं म्हणजे काय असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. चहाला म्हणून बाहेर पडायचो आणि पाय स्टेशनकडं वळायचे. एकदा बसस्टँडवर एक जण विळ्या-कात्र्यांना धार लावत होता, त्याच्या ठिणग्या बघण्यात दुपार गेली. शेठ म्हणायचे, "रामप्रसाद, तुला पाय हायेत का चाकं?" पण माणूस वाईट नव्हता. शर्ट खोचायला, गिऱ्हाइकापुढं खुर्चीत पसरून न बसायला त्यांनीच शिकवलं. खेड्यातली माणसं बाकीच्यांना सोडून माझ्याजवळ येऊन बसतात हेही त्यांनी हेरलं होतं. त्यामुळंच तर चावी माझ्याकडं आली.

चावीचं असं असतं. नवा ट्रॅक्टर ड्रायव्हर आदल्या दिवशी घरी पोचवतो, पण चावी परत आणतो. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर शोरूमचा माणूस जातो, पूजा होते, नारळ फुटतो, मग लाल फीत बांधलेली चावी घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायची, हार घालायचा, फोटो काढायचा. चुडाव्याकडच्या एका घरचा ट्रॅक्टर होता. घरात मोठी म्हणजे मालकाची आई, पार्वतीबाई. शोरूमला आली होती तेव्हा लुगडं सावरत सीटवर चढून बसली, हॉर्न वाजवून बघितला, आणि मला म्हणाली, "चावी तूच घिऊन ये बरं का लेकरा. दुसऱ्याच्या हातून घ्यायची न्हाई मी." शेठनं मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं. म्हणाले, "हे नीट कर, मग गावोगावच्या चाव्या तुझ्याकडंच." तूच सांग, माझ्यासारख्याला याहून चांगलं काम कुठं मिळणार होतं? हिंडायचं आणि हार घालायचे.

चुडाव्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा हातात वेळ होता. रिक्षात बसलो. वाटेत एका गावाची जत्रा, कुस्त्या लागलेल्या. हलगी कानावर आली आणि मी रिक्षा थांबवली. म्हटलं, एक जोड बघू आणि निघू. नेमकी जोड अशी, एक नांदेडकडचा उंचापुरा पैलवान आणि एक आपल्या भागातला बुटका, आणि त्या बुटक्यानं त्याची कंबर अशी धरून ठेवलेली की सिद्धू, तू असतास तर मातीत उडी घेतली असतीस. ते असू दे. कुस्ती निकाली निघेना आणि मी उठेना. फोन खिशात थरथरत होता. हलगीच्या आवाजात कळलं नाही, असं मी शेठना सांगणार होतो. कळलं होतं. प्रत्येक वेळी कळलं होतं. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मुहूर्त कधीच टळून गेला होता.

तरी मी गेलो. घर दिसतं त्या वळणापर्यंत गेलो. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, स्टिअरिंगला फुगे, मंडपातली माणसं पांगलेली. पार्वतीबाई एकटी चाकाजवळ खुर्ची टाकून बसली होती. नवं लुगडं, मांडीवर ओवाळायचं ताट, आणि वाऱ्यानं दिवा जाऊ नये म्हणून पदर आडवा धरलेला. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. आणि मी वळलो रे. उशीर झाला त्याची शरम वेगळी, ती चार शिव्या खाल्ल्या की निघून जाते. ती म्हातारी माझीच वाट बघायलीय हे दिसत असताना चावी खिशात घेऊन मी माघारी फिरलो. फोन बंद केला तो तिथंच, त्या वळणावर.

नंतर शोरूमला गेलोच नाही. शेठना काय सांगायचं ते जुळेना. गंगाखेडला हिंडलो, राणीसावरगावला देवीच्या देवळात जेवलो, तिथंच झोपलो. गावाकडं जायची सोय नव्हती, फाट्यावर उतरलं की पहिला प्रश्न नोकरीचाच. खिसा रिकामा झाला आणि भुकेनं मला इथं आणून सोडलं. आईला वाटलं, सुट्टी काढून भेटायला आलो. डोक्यावरची मोळी टाकून ती फडातून पळत आली, आणि मी तोंड उघडायच्या आत टोळीला ओरडून सांगितलं, "मॅनेजर आला वो माजा!" मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

तेव्हापासून इथं माझी वरात चाललीय. मुकादम बन्सीधरनं त्याची एकुलती प्लास्टिकची खुर्ची मला दिलीय. आई मला आंघोळीला पाणी तापवते आणि स्वतः गारठ्यात तशीच फडात जाते. कोप्यांवरच्या बाया येतात, एकदा वर फ्लेक्सकडं बघतात, एकदा माझ्याकडं. एक जण म्हणालीच, "फोटूत लय गोरा हाय." काल मी कोयता उचलला तर बापूनं हातातून काढून घेतला. "ठिव ते. सायबाचे हात हायेत, खराब करू नकु." बापूचे हात तू बघितलेत. मी माझे खिशात घातले. चावी तर पँट धुताना आईला सापडली. "कशाची रं?" म्हणाली. मी म्हटलं, कामाची. तिनं ती लाल फितीसकट खंडोबाच्या फोटोपुढं ठेवलीय. फडात जाताना हात जोडते, ते देवाला का चावीला, मला कळत नाही आणि विचारायची छाती नाही.

एवढं सगळं मी कसंबसं गिळलं असतं. पण काल जेवताना बापू म्हणाला, मुकादम पुढच्या हंगामाच्या जोड्या धरायलाय, परवा सकाळी, म्हणजे आता उद्याच, त्याला सांगून टाकतो, आमची जोडी धरू नकु. "लय झालं आता. हिचं मणकं गेलं मोळ्या वाहून. पोरगं हाय की." आई भाकरी थापत राहिली. पण तिचं तोंड एवढं हलकं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. बापूनं शब्द दिला की त्यांच्या जागी लगेच दुसरे नवरा-बायको येणार. मी गप्प राहिलो तर दोघं माझ्या पगाराच्या भरवशावर घरी बसतील, आणि तो पगार नाहीच. बोललो तर आईच्या डोक्यावर परत मोळी चढवणारा मीच. रात्रभर त्या कोटवाल्याकडं बघत पडलो होतो. तो हसतच होता.

आता हे पत्र का, ते. खरं म्हणजे चोरीसाठी लिहायला घेतलं होतं. चावी यात घालून तुझ्याकडं धाडायची, तू ती परभणीला नेऊन काउंटरवर ठेवायची आणि कुणी विचारायच्या आत निघून यायचं, असं ठरवून पहिली ओळ लिहिली. पण चावी देवापुढून उचलली की हात जोडताना आईला दिसणार, आणि कशाला हे ती विचारणारच. एवढं लिहून झाल्यावर वाटायलंय, विचारू दे. चावी मीच नेतो. आधी चुडाव्याला, मग शेठकडं. त्यांनी दुसरी केव्हाच करून घेतली असेल, तरी नेतो. पार्वतीबाई ओवाळते का हाणते ते तिनं ठरवावं. मुंजाजीभाऊचा ट्रक भरत आलाय, कारखान्यावर खाली करून तो आज सोनपेठला घरी जाणार आहे, त्याच्या हातात हे देतो. फोनवर लिहिलं असतं तर तू बघायच्या आधी मी पुसलं असतं, हे तुला माहितीय. मुंजाजीभाऊ काही अर्ध्या वाटेतून माघारी वळत नाही. तुझं काम एवढंच, उद्या बापू मुकादमाकडं जायच्या आत त्याला फोन लाव. त्यानं मला शिव्या घातल्या, तुझ्या फ्लेक्सला घातल्या, तर समज मी सांगितलंय. आणि तो हसत म्हणाला, काय म्हणतो आमच्या मॅनेजरचा दोस्त, तर समज मी परत वळलो. मग तू सांगून टाक, सगळं, हलगीसकट. आई बांधावरून येताना दिसायलीय, डोक्यावर शेळ्यांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं आहे. खुर्ची बाहेर नेऊन ठेवतो. तिला बसवतो, आणि चावी मागतो.

तुझाच,
बिनकोटाचा
रामप्रसाद