सोफी जाऊ दे

लाइपझिग, ता. ८ मार्च १९९८

ती. इर्मट्राउट आत्यास,
थिलोचा सा. न. वि. वि. (नमस्कार उभ्यानंच घे, खोलीत आडवं व्हायला जागा नाही.)

आजोबांना जाऊन दोन महिने झाले. पत्राला उशीर झाला, कारण बातमी तू चिडावीस अशीच आहे. मी कॉलेज सोडलं. माझं यंत्राचं ड्रॉइंग सर्वांसमोर उंच धरून सर म्हणाले की हे कोंबडीनं काढलंय की काय. मी ते त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर पडलो. ठेवून म्हणजे फेकून. बाबा बोलत नाहीत. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं असं यात काही नाही, म्हणून हे पत्र.

दुसरी गोष्ट बागेची. आजोबांची बाग आपोआप माझी होत नाही. जमीन बागवाल्यांच्या संस्थेची, आपल्याकडे नुसती भाड्यानं, वारसाहक्क चालत नाही. संस्थेचे अध्यक्ष क्नोफेल मला म्हणाले की आजोबांच्या आजारपणात तिथं दोन वर्षं नुसतं गवत माजलंय. नियम असा की एक तृतीयांश जमिनीत खाण्याचं काहीतरी पिकलंच पाहिजे. आपल्या बागेत तो हिशेब ऐंशी चौरस मीटरचा. सहा जूनला ते फीत घेऊन येणार. ऐंशी भरले तर बाग माझ्या नावावर, नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला.

माझ्याकडे आजोबांची कुदळ आहे, औषधाच्या डबीतल्या त्यांच्या बिया आहेत, आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानातलं अर्ध्या दिवसाचं काम. विकत आणायची सोय नाही. त्या मातीत तू वाढलीस. काय करू ते लिही.

तुझा लोभ आहेच. त्यावर उपदेश जरा बेतानं चढवावा, ही विनंती.
तुझा,
थिलो


ओल्बर्नहाउ, ता. १३ मार्च

चि. थिलो यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा कॉलेजसाठी.

क्नोफेल म्हणजे योखेनच ना? सात वर्षांचा असताना आमचे आलुबुखार चोरायला आला आणि चड्डी कुंपणात अडकली. मीच सोडवली. पण त्याची आठवण त्याला करून देऊ नकोस. नियमापुढे तो सख्ख्या आईला ओळखत नाही.

आता नीट वाच. गवत खणत बसशील तर जूनपर्यंत कंबर जाईल, गवत तिथंच राहील. फर्निचरच्या दुकानामागे मोठाले पुठ्ठे पडलेले असतात ते आण, भिजव, गवतावर अंथर, वर कुजलेला पाला टाक. एप्रिलमध्ये पुठ्ठ्याला भोकं पाडून बटाटे लाव. अख्खे नकोत. सालं जाड काढायची, प्रत्येक सालीला एक डोळा ठेवायचा, आतला बटाटा तू खा. सगळं शहर जुन्या लाकडी खिडक्या काढून नव्या बसवतंय असं ऐकते. रस्त्यावर टाकलेल्या चार-सहा उचल, विटांवर तिरप्या टेकव, झालं तुझं काचघर. टोमॅटोची एक पिकली चकती मातीत दाबलीस तरी वीस रोपं येतात. घेवडा वाण्याकडच्या पुडीतला चालतो. वेलांना सायकलची मोडकी चाकं आहेतच तुझ्याकडे. रोपांसाठी दह्याचे रिकामे कप, तळाला तापल्या सुईनं भोक. कुंपणाकडेचा तो चटके देणारा पाला बादलीत पाण्यात कुजव. वास येईल, शेजारी शिव्या देतील, भोपळा आशीर्वाद देईल.

आणि एक. अकरा ते पंधरा मे, बर्फाचे संत: पाच संतांचे पाच दिवस, त्यांत रात्री हमखास हिम पडतं. तुझे आजोबा दरवर्षी कॅलेंडरवर त्या पाच दिवसांवर काट मारायचे. पंधराला शेवटची, थंड सोफी. ती जाईपर्यंत टोमॅटो, घेवडा, भोपळा काचेबाहेर काढायचा नाही. बाहेर उघड्यावर आंघोळ करण्याइतकं ऊन असलं तरी नाही.

तब्येतीला जप, डोक्याला त्याहून जप.
तुझी आत्या


लाइपझिग, ता. १९ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पुठ्ठे अंथरले. बटाट्याची सालं लावली. सहा खिडक्यांचं काचघर उभं आहे, त्यातल्या एकीवर कुणाच्या तरी लहानपणीचे स्टिकर अजून चिकटलेत. बादलीचा वास चौथ्या बागेपर्यंत जातो.

कप मात्र माझ्याकडे नव्हते. एकटा माणूस दही खाऊन खाऊन किती खाणार? वाटेतल्या इस्पितळाच्या मागच्या दारी विचारायला गेलो. तिथं फ्रांका भेटली, नर्सिंग शिकते. तिनं विचारलं किती हवेत. मी म्हणालो, असतील तेवढे. चार दिवसांनी ती सायकलला दोन पोती बांधून आली. तीनशे कप, धुतलेले, एकात एक बसवलेले. मी आभार मानायचे विसरलो.

आत्या, मी जेवतो, पण काय जेवलो ते आठवत नाही. ती संध्याकाळी येते, बाकावर बसते, बघते. कुंपण सव्वा मीटरहून उंच चालत नाही हे तिला पाठ आहे. दुपारी एक ते तीन खटखट करायची नाही, हेही. नळ हिवाळ्यात कुठं गोठतो ते तिनं विचारलं. परवा तिनं वहीच्या कागदावर बागेचा नकाशा काढून दिला, कुठं काय लावावं त्याचा. मी तो कागद पाकिटात ठेवला आहे. लावलं अजून काहीच नाही.

लोभाची पाणीपट्टी वेळेवर पोचत असावी.
थिलो


ओल्बर्नहाउ, ता. २४ एप्रिल

चि. थिलो यास, अ. उ. आ.

कागद पाकिटातून काढ आणि त्याप्रमाणे लाव. नकाशा चांगला असणार. जी मुलगी तीनशे कप धुऊन आणते तिला काम कळतं.

पण बाळा, नळ कुठं गोठतो हे विचारणारी मुलगी तुझ्याकडे बघत नाहीये, जमिनीकडे बघतेय. नियम पाठ कुणाला असतात? ज्याला बाग मिळालीय त्याला नसतात, हे मी तुझ्या आजोबांवरून सांगते. प्रतीक्षायादीत पहिलं नाव कुणाचं आहे, कधी विचारलंस?

रागावू नकोस. रागावलास तर कुदळ हातात नसताना रागाव.

आशीर्वाद संपलेले नाहीत, जपून वापर.
आत्या


लाइपझिग, ता. ५ मे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातला तो परिच्छेद मी वाचला नाही असं समज. विचारणारही नाही.

इथं सव्वीस डिग्री आहे. लोक नदीवर पोहतायत. मागच्या आठवड्यात फ्रांका बाकावर बसून म्हणाली की तुझ्या बागेत बाग कुठंय, नुसते कपच आहेत. हसून म्हणाली, पण म्हणाली. नऊ तारखेला तिचा वाढदिवस. ती चौथ्या मजल्यावर राहते, तिच्या बाल्कनीला दिवसभर ऊन, आणि तिथं एक कुंडीसुद्धा नाही. म्हणून मी काचघर मोडलं. सहाच्या सहा खिडक्या चार जिन्यांवरून वर नेल्या आणि तिच्या बाल्कनीत पेटी करून दिली. आत चाळीस रोपं ठेवली, टोमॅटो आणि भोपळा. वाढदिवसाची भेट, थोडी आधी.  तिनं एवढंच विचारलं की मग तुझ्या रोपांवर काय घालणार. मी म्हणालो, ऊन.

उरलेली सगळी दोन तारखेला जमिनीत लावली. दोनशे साठ. तिच्या नकाशाप्रमाणे. बाग आता बाग दिसते. संतांचं माहीत आहे मला. संतांनी थर्मामीटर बघावा.

लोभ उन्हासारखाच राहू दे.
थिलो


ओल्बर्नहाउ, ता. ८ मे

थिलो,

आशीर्वाद शेवटी. आधी काम. इस्पितळातून टाकलेल्या चादरी माग. नाही मिळाल्या तर बादल्या, खोकी, वर्तमानपत्राच्या टोप्या, तुझे शर्ट. रविवारपासून शुक्रवारपर्यंत रोज सूर्य बुडायच्या आत सगळं झाकायचं, सकाळी काढायचं. बाटल्यांत पाणी भरून दिवसा उन्हात ठेव, संध्याकाळी रोपांशेजारी. आजोबांनी हे चाळीस वर्षं केलं, आणि त्यांच्याकडेही थर्मामीटर होता.

आता आशीर्वाद.
आत्या


लाइपझिग, ता. १३ मे, सकाळ

आत्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आकाश निळंशार होतं. शेजारच्या बागेतले म्हातारे लोखमान रोपांना बादल्या घालत होते. मला म्हणाले की पोरा, झाक. मला वाटलं, फ्रांका संध्याकाळी इथून जाणार आणि तिला माझी बाग शर्ट-चादरी घालून बसलेली दिसणार. नाही झाकलं.

आज सकाळी गेलो तर पानं काचेसारखी उभी होती. ऊन आल्यावर काळी पडून लोंबली. टोमॅटो, घेवडा, भोपळा, सगळं. बटाट्याचा पालासुद्धा काळा. लोखमान कुंपणापाशी आले, पाहिलं, आणि आपल्या बादल्या उचलायला परत गेले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी बटाटे उपटायला घेतलेत. दोन वाफे झाले. दुपारी किल्ली क्नोफेलच्या पत्रपेटीत टाकणार आहे. यादीतल्या पहिल्याला शुभेच्छा.

लोभाचं तू बघ.
थिलो


(तार) ओल्बर्नहाउ, १४ मे

बटाट्याला हात लावू नकोस. जमिनीखाली जिवंत आहे. पुन्हा फुटेल. किल्ली खिशात ठेव. आजोबांच्या डबीत तळाशी मुळ्याच्या बिया आहेत. उपटलेल्या वाफ्यात पेर. आत्या


लाइपझिग, ता. ७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. या वेळी खरोखर वाकून.

तार आली तेव्हा किल्ली माझ्याच खिशात होती, कारण क्नोफेलच्या दारी गेलो तर ते घरी नव्हते आणि पेटीचं तोंड किल्लीच्या जुडग्याला लहान पडलं. तेवढ्यावर वाचलं सगळं. मुळा पेरला. चौथ्या दिवशी उगवला.

सोळा तारखेला, म्हणजे सोफीच्या दुसऱ्या दिवशी, फ्रांका आली. इस्पितळाच्या कपड्यांची ढकलगाडी घेऊन, वर कपच कप. चाळीस नव्हते, शंभराच्या आसपास होते. मी विचारलं, हे कुठून. ती म्हणाली की टोमॅटोच्या काखेतले फुटवे सगळे खुडून टाकतात, तिनं ते पाण्यात ठेवले, मुळं आली, कपात लावले. बाल्कनीच्या पेटीतून रोपं बाहेर काढायची घाई तिनं केली नव्हती. मग आम्ही लावत बसलो.  कुदळ कशी धरायची ते तिनं शिकवलं मला. भोपळे तिनं कडेला लावले, म्हणाली की पसरतील, पसरतील तेवढे मीटर मिळतील.

काल क्नोफेल फीत घेऊन आले. बटाटा पुन्हा फुटला होता. मुळ्याचे वाफेसुद्धा त्यांनी वाकून मोजले. एक्याऐंशी भरले. त्यांनी करारावर माझं नाव लिहिलं, पेन माझ्याकडे दिलं, आणि वही मिटता मिटता म्हणाले की यादीतल्या पहिलीचं नशीब नाही, बिचारी चार वर्षं थांबलीय. त्यांनी मान वळवली. फ्रांका फाटकापाशी उभी होती.

तुला माहीत होतं. मलाही होतं, आत्या. मी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

मी तिला विचारलं की मग गाडी कशाला आणलीस, नुसती घरी बसली असतीस तर आज सही तू केली असतीस. ती म्हणाली की रोपं तुझी होती.  

चार वर्षं, आत्या. मला चौदा दिवस थांबता आलं नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि क्नोफेलना म्हणालो की यादी पुढं सरकवा. त्यांनी विचारलं की ऊन लागलंय का. फ्रांका चिडली, एवढी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. गाढवा, असं म्हणाली. शंभर कप भीक म्हणून वाहून आणले नव्हते, असं म्हणाली. मी म्हणालो की मीही भीक देत नाहीये. बाग भरली ती अर्धी तुझ्या नकाशानं, अर्धी तुझ्या गाडीनं. माझे आहेत ते दोन उपटलेले वाफे. आणि यादी यादीसारखी चालावी. हे मी ओरडून म्हणालो नाही. तिनं वाकून मुळ्याच्या वाफ्यातलं गवत उपटलं. मग तिनं सही केली.

मी माझं नाव यादीत शेवटी घातलं. सत्ताविसावा. ऑक्टोबरपासून केम्नित्सला जाऊन कॉलेज पुन्हा सुरू करतोय. सरांना पत्र लिहिलं आहे, तीनदा फाडून.

आजोबांची बाग घराबाहेर गेली. तुला वाईट वाटणार. वाटलं तर लिही, पण लोभ मात्र त्याच पत्त्यावर ठेव.
थिलो


ओल्बर्नहाउ, ता. १२ जून

चि. थिलो यास, अनेक आशीर्वाद, धपाटा परत घेतला.

वाईट वाटलं. एक दिवस. मग आठवलं की तुझे आजोबासुद्धा यादीतूनच आले होते, सहा वर्षं थांबून. आम्ही दर रविवारी कुंपणाबाहेरून आलुबुखाराचं झाड बघून यायचो.

फ्रांकाला सांग, त्या झाडाच्या उत्तरेकडच्या फांदीला फळं उशिरा येतात, कापू नकोस. एक बरणी मुरंबा मला पाठव म्हणावं, माझी तिची ओळख नसली तरी.

तू तिला काही बोललास का, हे मी विचारत नाही.
आत्या


केम्नित्स, ता. १५ मे १९९९

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

परीक्षा बऱ्या चालल्यात. ड्रॉइंगला सर आता कोंबडी म्हणत नाहीत, बदक म्हणतात. प्रगती आहे. यादीत बाविसावा आहे.

खोलीच्या खिडकीत बारा कप आहेत. टोमॅटो, इथल्या खानावळीतल्या चकतीतून. आठवडाभर पुन्हा कडक ऊन आहे, खोलीतला मित्र रोज म्हणतो की ही रोपं गुदमरतायत, काढ बाहेर. मी त्याला कॅलेंडर दाखवतो. पाच दिवसांवर पेन्सिलीची काट आहे.

हिवाळ्यात मी फ्रांकाला एक पत्र लिहिलं होतं. एकच, आणि त्यात जे लिहायचं ते सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. मी दुसरं लिहिलं नाही. तू ओळखणार नाहीस मला.

आज कार्ड आलं. पुढच्या बाजूला तिनं बागेचा या वर्षीचा नकाशा काढलाय. कडेला, आलुबुखाराखाली, बारा लहान गोल मोकळे सोडलेत. मागे एकच ओळ आहे: सोफी जाऊ दे, मग ये.

उद्या सकाळची गाडी आहे. कप मांडीवर घेऊन बसेन.

तुझा,
थिलो