हेल्मेटातलं बोलणं

ता. ४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक, असं लिहायला बसले आणि पेन अडलं. म्हणून खरं तेच लिहिते. तुमच्या भावाचं काय चाललंय ते मला कळेनासं झालंय.

लेकीनं ह्यांना वाढदिवसाला हेल्मेटात बसवायचं ब्लूटूथ पाठवलं. कानांपाशी दोन चपटे स्पीकर, तोंडापाशी माइक आणि बाहेरून एक बटण. ह्यांचं काम तुम्हाला माहीत आहेच. चष्म्याच्या दुकानांतून काचांचे नंबर घ्यायचे, कारखान्यात द्यायचे आणि घासून झालेल्या काचा मोटरसायकलवरून पोचवायच्या. दिवसभर फोन वाजत असतो. दर वेळी गाडी कडेला घ्या, हेल्मेट काढा, यातून बाबांची सुटका व्हावी म्हणून तिनं हौसेनं पाठवलं. चालत्या गाडीवर बोलणं नकोच, असं मी म्हटलं होतं, पण बापलेकींपुढे माझं कोण ऐकतं?

तेव्हापासून हा माणूस एक आहे की दोन, हेच मला समजत नाही. घरात मी बोलले तर उत्तर नाही, आलंच तर भलतंच. परवा विचारलं, भाजीत मीठ कमी पडलंय का, तर म्हणाले, उद्या बघू. आणि त्याच संध्याकाळी खिडकीतून पाहते तर खाली बंद गाडीवर हेल्मेट घालून बसलेत आणि एकटेच खदखदून हसतायत! समोरच्या मास्तरांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीला विचारलं तर ती म्हणते, बाबा हल्ली किती छान गप्पा मारतात. पूर्वी दोन शब्द बोलून फोन माझ्या हातात कोंबणारा हा माणूस! एकदा गॅस संपला म्हणून मी फोन केला, तेव्हा हे गाडीवर होते. वन्सं, काय गोड बोलले म्हणून सांगू! लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायचे तसे. मी आपली केसबिस विंचरून, चहा टाकून वाट बघत बसले. वर आले, पेपर उघडला, संपलं.

शेवटी काल हे अंघोळीला गेल्यावर मीच ते हेल्मेट डोक्यात घातलं आणि बटण दाबलं. आतून एक बाई लाडिक आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली. मी हेल्मेट पलंगावर फेकलंच. ती त्या यंत्रातली बाई, हे लेकीकडून कळल्यावर हसले खरी, पण ते हसू काही टिकलं नाही.

कारखान्यातूनही तक्रारी आहेत. दुकानदारानं अडीच सांगितला तर हे दीड नंबरची काच घेऊन जातात. फोनवर सांगितलेले नंबर मात्र कधी चुकत नाहीत. मालक म्हणतात, म्हणजे हे समोरच्या माणसाकडे लक्षच देत नाहीत. आणखी एक चूक झाली तर घरी बसा, असं बजावलंय. नोकरीची चिंता आहेच, पण त्याहून मला हे खातंय की माझं नेमकं काय चुकलं. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा.

तुमची माया आहे म्हणून एवढं लिहायचा धीर झाला.
तुमची,
वहिनी


ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मत वेगळं झालं. पहिल्यांदा वाटलं, बाळ्याला चांगलं फैलावर घ्यावं. दुसऱ्यांदा वाटलं, तो लहानपणापासूनच घुमा, रागावला की तोंडाला कुलूप. पण या वयात माणूस मिठावरून रुसतो का? आणि रुसला तर खाली जाऊन हसतो कशाला? माझंही डोकं चालेना.

मी त्याला फोनच करणार होते. पण हल्लीच्या फोनांना काय झालंय कोण जाणे, सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. म्हणून मला आपलं पत्रच बरं. मागे तो इथे येऊन गेला तेव्हा आमच्या तर मस्त गप्पा झाल्या होत्या. मी गुडघ्याचं सांगत होते आणि तो हो हो म्हणत होता. नंतर सून म्हणाली, मामा गाडीच्या टायरबद्दल बोलत होते. मग मला हो हो कशाला म्हणत होता? आहे की नाही विचित्र!

तू असं कर. त्याला समोर बसव आणि सरळ विचार. आधी रडू नकोस. तू आधी रडतेस आणि मग प्रश्नच विसरतेस. आणि दुसऱ्या बाईचा विचार मनात असेल तर काढून टाक. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो बाई कुठून शोधणार?

काय झालं ते ताबडतोब कळव, इथे मला घास गोड लागत नाही.
तुझी,
वन्सं


ता. २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. समोर बसवलं, रडले नाही, आणि शांतपणे विचारलं की तुम्ही माझ्यावर रागावलाय का. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, हो. हसून म्हणाले, वन्सं! मग मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहवेना. समोरचा माणूस नाही तर नाही, निदान फोनवरच्या गोड माणसाला तरी विचारावं म्हणून फोन लावला. हे पुलाकडे निघाले होते. लगेच उचलला आणि प्रेमानं विचारलं, काय गं. मी तोंड उघडणार तोच ह्यांच्या आवाजामागे हॉर्न सुरू झाला. ट्रकचा, लांबलचक, आणि जवळ जवळ येणारा. मी म्हटलं, मागे कोणीतरी आहे, बाजूला व्हा. ह्यांनी विचारलं, कोण? इथे तर सगळं शांत आहे. माझ्या ओट्याशी तो हॉर्न इतका मोठा झाला की मी फोन कानापासून लांब धरला, आणि हे म्हणतायत, कसला हॉर्न? तेव्हा मी जी किंचाळले, ती अशी की मास्तर दार उघडून बाहेर आले. गाडी डावीकडे घ्या, एवढंच ओरडत होते.

मग काहीतरी धाडकन गेल्याचा आवाज आला, आणि खरडल्याचा. पुढे काहीच नाही. मी फोन पुन्हा कानाला लावून हाका मारत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, ह्यांचा आवाज आला. हे म्हणत होते, ट्रक खरंच होता गं. मी लागलंय का विचारत होते, आणि हे एकच विचारत राहिले, की तुला घरात बसून ऐकू आला आणि मला कसा नाही आला?

कोपर सोललंय आणि आरसा तुटलाय, बाकी सुखरूप आहेत. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. वन्सं, म्हणजे इतके दिवस ह्यांना ऐकूच येत नव्हतं का? आणि मी मात्र काय काय समजत बसले! आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, काही उमगत नाही.

आमच्यावर लोभ असू द्या.
तुमची,
वहिनी


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आपणहून पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. दोन्ही कान बरेच गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू जातात, म्हणून कळत नाही. मशीन यायला थोडे दिवस आहेत.

तुला शपथेवर सांगतो, मी काही लपवत नव्हतो. मला वाटायचं, लोकच हल्ली हळू बोलतात. दुकानदार तुटक झालेत. घरात हिचा आवाज खाली गेला, तेव्हा वाटलं, ही मला कंटाळली. हेल्मेटात मात्र सगळे स्पष्ट, अगदी कानाशी येऊन बोलायचे. म्हणून वाटायचं, माणसं फोनवर प्रेमळ असतात आणि समोर आली की तुसडी होतात. असं का, ते कळायचं नाही. विचारायचं तरी कुणाला? लेकीशी बोलायला खाली गाडीवर जाऊन बसायचो, कारण तिचं हसू मला तिथेच ऐकू यायचं. आणि त्या दिवशी हिनं समोर बसून विचारलं, तेव्हा मला वाटलं, चहा हवा का विचारतेय. म्हणून हो म्हणालो.

मालकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काचा पुसत राहिले. मग म्हणाले, मशीन येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, इथे बसून काचा बांधा, आणि यापुढे सगळ्यांनी नंबर मेसेजनंच पाठवायचे. चालत्या गाडीवर फोन घ्यायचा नाही, हे मी माझं मीच ठरवलं. आणि ताई, फोनवर सगळे पुटपुटतात असं तू हिला लिहिलंस, ते मी वाचलं. पुढच्या आठवड्यात इकडे ये. त्याच डॉक्टरांकडे तुझा नंबर लावलाय. चिडलीस तरी चालेल.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी ही गुपचूप खाली गेली आणि हेल्मेट वर घेऊन आली. मला टेबलाशी बसवून माझ्या डोक्यात घातलं, स्वतः समोर बसली आणि मला फोन लावला. आमच्यामध्ये दोन कप होते, बस. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज कानात येत होता. तिनं विचारलं, रागावलाय का माझ्यावर? मी म्हणालो, नाही गं, मला तर वाटत होतं तूच रागावलीयस. मग ती बोलत राहिली. कितीतरी महिन्यांचं साठलं होतं, अगदी मास्तरांच्या जिन्यापर्यंतचं सगळं. बोलता बोलता तिनं मला खूण केली, उकडत असेल, निदान समोरची काळी काच तरी वर करा. मी मान हलवली, पण काच खालीच ठेवली. तिला तेवढ्यात माझे डोळे दिसायला नको होते.

ये लवकर, वाट बघतोय.
तुझा,
बाळ्या